नाव न घेता

आमच्या शाळेची आणि अंगणवाडीची भिंत एकच आहे. तिसरीच्या वर्गात मी पाढे म्हणून घ्यायला लागले की पलीकडून बडबडगीत सुरू व्हायचं, आणि माझी मुलं पाढे सोडून तेच गुणगुणायची. त्या भिंतीपायीच आमची ओळख झाली. मी चिखलीत राहते आणि रोज काळीपिवळी जीपने या गावात शिकवायला येते. ती याच गावची सून, अंगणवाडीची सेविका, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची आणि दोघीच असलो की ताई.

दुपारचा डबा आम्ही तिच्याच खोलीत खायचो. लेकरं खिचडी खाऊन घरी गेलेली असायची, मदतनीस बाई बाहेर नळावर भांडी घासत असायची. माझ्याकडे पोळी आणि फ्लॉवर-बटाटा. तिच्याकडे कळण्याची भाकरी, ठेचा, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी. डबे उघडले की अदलाबदल आपोआप व्हायची. शाळेतल्या राजकारणापासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं तिथे बोललं जायचं.

एके दिवशी जेवण झाल्यावर तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि अर्धी गोळी मोडून पाण्याबरोबर घेतली. गावात सगळ्यांना माहीत होतं की तिला थायरॉइड आहे. पण ती पट्टी मी दुरूनही ओळखली असती. तोंडातून निघून गेलं, "अगं, ही थायरॉइडची नाही ना?"

ती घाबरली. दाराकडे पाहून तिने पट्टी मुठीत घेतली. "तुमाले कसं माहीत?"

"माझ्या नात्यातली एक बाई घेते," मी म्हणाले. "तीही आधी अर्धी मोडून घ्यायची, आता पुरी घेते. जिभेवर फार कडू लागते."

माझ्या नात्यात अशी कुणी बाई नव्हती. ती गोळी मी घेत होते. त्याच्या दोन वर्षं आधी एका सकाळी जीपमध्ये बसलेली असताना माझ्या छातीत एवढी धडधड सुरू झाली की मी आता मरते असंच वाटलं. हात बधिर झाले, तोंड कोरडं पडलं. ड्रायव्हरने गाडी वळवून दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख व्यवस्थित निघाला. आठ दिवसांनी पुन्हा तेच, मग वर्गात, मग भाजीबाजारात. जीपमध्ये पाय ठेवायची हिंमत होईना. तीन महिने रजा काढली. शेवटी अकोल्याच्या एका मनोविकारतज्ज्ञाने औषध दिलं आणि मी हळूहळू माणसात आले. घरी सासूबाईंना आम्ही कॅल्शियम सांगितलं. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओतून ठेवायची युक्ती माझीच. नवरा म्हणाला होता, "बाहेर कुठे बोलू नकोस." मी बोलले नव्हते. तिच्याजवळही बोलले नाही. एक नातेवाईक बाई तयार केली आणि तिच्या आड उभी राहिले.

ती मात्र बोलली. माझी ती खोटी नातेवाईक तिला पुरेशी वाटली असावी. डबा बंद करून मांडीवर घेतला आणि सांगायला लागली.

तिचा धाकटा मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. बाळ पंधरा-वीस दिवसांचं होतं. एकदा त्याला न्हाऊ घालताना तिच्या मनात आलं की आपल्या हातून हे पाण्यात सुटलं तर? मग तो विचार जाईचना. सुटलं तर, यापासून आपणच सोडलं तर, इथपर्यंत आला. "ताई, मले माह्याच हाताचं भेव वाटे. विळा दिसला का मी तो लपवून ठेवो. लेकरू रडे अन् मी दुसऱ्या खोलीत कडी लावून बसो. त्याच्यापाशी गेली अन् काही झालं तर?" दूध पाजायचं तेवढं सासू शेजारी बसलेली असेल तरच पाजायची. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा आहे. एका ठिकाणी नेलं, दुसऱ्या ठिकाणी नेलं, दोरे झाले, लिंबं झाली. शेवटी तिच्या भावाने बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपणानंतर हा आजार होऊ शकतो, औषधाने बरा होतो. ते एक वाक्य बोलले ते तिला पाठ होतं: "ज्या आईला एवढी भीती वाटते, ती बाळाला जपतेच आहे."

"माह्या घरच्याईशिवाय हे कोणालेच माहीत नाही," ती म्हणाली. "बाहेरच्या तुमीच पयल्या."

मी तिचा हात धरला. डोळे भरून आले होते, ते खरे होते. पण मी माझी गोष्ट सांगितली नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून उठले.

पुढच्या डिसेंबरात आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, मुलांच्या मानसिक आरोग्यावर. दरवर्षी दहा प्रशिक्षणं होतात, आम्ही मागच्या रांगेत बसून उत्तरपत्रिका तपासतो. हे वेगळं होतं. शिकवणारी बाई तरुण होती आणि मनापासून बोलत होती. आजार लपवला की तो वाढतो, म्हणाली. ताप आला तर आपण सांगतो, मग हे का नाही? प्रत्येकाने आपापल्या गावात, आपापल्या ओळखीच्या माणसांसमोर बोललं तरच हे बदलेल, म्हणाली. मी सगळं वहीत उतरून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्यापैकी कोण बोलेल?" माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

मला भाषण जमतं. लहानपणापासून बक्षिसं मिळवलीत. संक्रांतीनंतर शाळेत माता-पालक मेळावा आणि हळदीकुंकू होणार होतं, तालुक्याहून साहेब येणार होते. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, यंदा मी या विषयावर बोलते. चार रात्री भाषण लिहिलं. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता म्हणून पाहिलं. व्याख्या, लक्षणं, उपाय सगळं होतं, पण ते मलाच कोरडं वाटत होतं. बायका जिवंत उदाहरणाशिवाय ऐकत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. उदाहरणं माझ्याजवळ दोन होती. एक माझं. ते कणीक मळताना मनात आलंसुद्धा, आणि लगेच साहेब दिसले, मुख्याध्यापक दिसले, सासूबाईंच्या कानावर गोष्ट नेणारी त्यांची भाची दिसली. मी दुसरं घेतलं. नाव घ्यायचं नाही एवढी काळजी घेतली की झालं, असं मी स्वतःला सांगितलं. तिला विचारावं असं मनात आलं का? खरं सांगायचं तर आलं होतं. आणि ती नाही म्हणेल हेही माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

मेळाव्याला शंभरेक बायका होत्या. पटांगणात सतरंज्या, कापडी मंडप, ध्वनिक्षेपकाची खरखर. ती दारापाशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती, येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावत होती. जांभळी काठपदराची साडी नेसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा तिनेच पहिली टाळी वाजवली. ताट एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने मनगटावर.

मी बोलत गेले. बायका शांत झाल्या. आणि मग मी म्हणाले, "याच गावात, आज आपल्यातच बसलेली एक बहीण आहे. मी नाव घेत नाही." मी तो पाण्याचा विचार सांगितला, लपवलेला विळा सांगितला, कडी लावलेली खोली सांगितली. आवाज कुठे खाली आणायचा ते मला कळतं. शेवटी मी ते वाक्य टाकलं, जे लिहिताना माझं मलाच फार आवडलं होतं: "आणि आज, बायांनो, जे हात स्वतःच्या बाळाला लावायला ती भीत होती, त्याच हातांनी ती गावातली लेकरं सांभाळते."

इथे टाळ्या येतील असं मला वाटलं होतं. टाळ्या आल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग तिच्या शेजारणीने. मग वाऱ्याने पीक एका बाजूला झुकावं तशी सगळी डोकी वळली. गावातली लेकरं सांभाळणारी बाई गावात एकच होती. ती ताट धरून उभी होती. हलली नाही.

मी घाईघाईने दोन ओळी म्हणून भाषण संपवलं, तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. साहेब म्हणाले, "उत्तम. असंच उदाहरण देऊन सांगितलं पाहिजे." चहाच्या वेळी मी तिला शोधलं. ताट खुर्चीवर ठेवलेलं होतं.

सोमवारी अंगणवाडीत बत्तीसपैकी दहा लेकरं आली. मंगळवारी आठ. "पोट्ट्याले सर्दी हाय," "मामाच्या गावाले गेली," अशी उत्तरं मदतनीस बाईला मिळत होती. दोन आया लेकरांना सोडून दाराशीच बसून राहू लागल्या, खिचडी वाढून होईपर्यंत. एका आजीने मात्र उघड सांगितलं, "तिच्या हाताचं नको बाप्पा, तिलेच तिच्या हाताचा भरोसा नाही." हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. पलीकडून बडबडगीत येत होतं, पण त्यात लेकरांचा आवाज नव्हता, फक्त तिचा.

मी गेले नाही. हेच मला सांगायचं आहे, आणि हेच सांगायला जड जातं. चुकीचं बोलणं एका दिवसाचं होतं. पण पुढचे जवळजवळ दोन महिने मी रोज दुपारी वर्गाचं दार लोटून एकटी डबा खाल्ला, त्याला काय म्हणू? मनाशी म्हणायचे, मी नाव घेतलेलं नाही. लोकांची नजरच वाईट, त्याला मी काय करणार? उद्या जाईन. उद्या साहेबांची भेट आहे, परवा जाईन. एकदा मुख्याध्यापकांकडे विषय काढला तर ते म्हणाले, "मॅडम, तुमचं भाषण अहवालात घेतलंय. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" मेळाव्याचा फोटो पेपरात आला होता. मी तो कापून ठेवला. फेकला नाही, कापून ठेवला.

मधल्या काळात तिच्या पर्यवेक्षिका आल्या आणि तिला डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायला सांगून गेल्या. तिच्या घरी तिच्या नवऱ्याने तिला विचारलं, "तूच सांगतलं काऊन तिले?" हे मला फार नंतर कळलं. आणि त्या सगळ्यात तिने गोळ्या बंद केल्या. आपण बऱ्या आहोत हे गावाला दाखवायचं तर गोळी कशी घ्यायची? एकाएकी बंद केल्या, डॉक्टरला न विचारता.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस मी प्रार्थनेनंतर वर्गात चालले होते. ती नळावर बसून खिचडीचं पातेलं घासत होती. ते काम मदतनीस बाईचं. पातेलं लख्ख झालेलं होतं. मी हजेरी घेतली, गणितं दिली, खिडकीतून पाहिलं, ती तेच पातेलं घासत होती. तासाभराने मदतनीस बाईने तिच्या हातातून ते काढून घेतलं. तिची बोटं सोलवटली होती. तेव्हाही मी वर्गातून बाहेर आले नाही. मुलांना गणितं तपासून द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

माहेर मोताळा तालुक्यात. मार्चमधल्या एका रविवारी मी घरी शाळेचं काम सांगून निघाले. चिखलीहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा, तिथून ऑटो. एसटीत बसल्यावर छातीत पुन्हा ती जुनी धडधड सुरू झाली. उतरून परत जावं असं दोनदा वाटलं.

अंगणात तिची आई डाळ पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं तसं त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमीच का त्या भाषणवाल्या मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा डाळ पाखडायला बसल्या. त्या घराला पाहुण्याला पाणी नाकारता येत नव्हतं म्हणून ते मिळालं, एवढं मला कळलं.

ती बाहेर आली. वाळली होती. औषध पुन्हा सुरू झाल्याला पंधरा दिवस झाले होते. माझ्यासमोर पायरीवर बसली. मी एसटीत, ऑटोत पाठ केलेलं सगळं विसरले. "माझं चुकलं गं," एवढंच म्हणाले.

तिने बोटांवरची वाळलेली कातडी अंगठ्याने काढली. मग म्हणाली, "तुमी नाव नाही घेतलं, हे खरं हाय मॅडम. पण घराचा रस्ता दाखवला ना."

मॅडम. आम्ही दोघीच होतो.

"मले तुमचा राग आला तो सांगण्याचा नाही आला," ती म्हणाली. "सांगायलेच पाह्यजे. मलेबी वाटे, कधी कोण्या बाईले सांगावं. माह्यासारखी एखादी असंन गावात, कडी लावून बसून राह्यली असंन. पण ते मी सांगतलं असतं, माह्या तोंडानं, माह्या टायमानं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अन् तुमच्यापाशी तुमची गोष्ट होती ना?"

मी तांब्या उचलून पाणी प्यायले.

"ती नात्यातली बाई तुमीच हाय, हे मले तवाच समजलं होतं. गोळी मोडून घ्या लागते का पुरी घ्या लागते, कशी कडू लागते, हे नात्यातल्या बाईपायी कोणाले माहीत राह्यते? पण मी म्हटलं, नसंन सांगायचं त्याईले. नाही सांगायचं तर नाही. म्या कोणाले सांगतलं का?"

सांगितलं नव्हतं. वर्षभर तिच्याजवळ माझं गुपित होतं आणि तिने ते मलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

आतून तिच्या आईने हाक मारली, औषधाची वेळ झाली म्हणून. ती उठली. "चहा घेऊन जा," म्हणाली आणि आत गेली. चहा तिच्या वहिनीने आणून दिला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मला माझं शाळेत सगळ्यांसमोर बोलायचं आहे. तो चिडला नाही, घाबरला. मुलगी बारावीला होती. "उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. लोक आधी आईबद्दल विचारतात." मी म्हटलं, "त्या बाईलाही दोन मुलं आहेत. तिच्याबद्दल बोलताना मी हा विचार केला नाही." तो म्हणाला, "ते वेगळं." मी विषय तिथेच सोडून कणीक मळायला उठले. एप्रिल गेला, मे गेला. मी धीर गोळा करते आहे असं स्वतःला सांगत राहिले. प्रत्यक्षात मी वाट पाहत होते, की लोक विसरतील.

आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच ती परत आली होती. प्रमाणपत्र मिळालं होतं, काम करायला योग्य असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. भिंतीपलीकडून पुन्हा गाणं येऊ लागलं. लेकरांचे आवाज मोजके.

जुलैत तिसरी-चौथीच्या मातांची सभा होती. विषय गणवेश आणि हजेरी. वीस-बावीस बायका आल्या असतील, पेरण्या आटोपून डवरणी-कोळपणी चालली होती त्यामुळे पुष्कळजणी शेतात होत्या. साहेब नव्हते, माइक नव्हता. सकाळी घरून निघताना मी कॅल्शियमच्या डबीत न ओतलेली नवी पट्टी पर्समध्ये टाकली होती. तरी गणवेशाचं बोलून झाल्यावर मी सभा संपवलीच होती. बायका उठायला लागल्या. तेव्हा म्हटलं, "थांबा जरा. मला एक सांगायचंय."

कागद नव्हता. आवाज खालीवर करायचं सुचलं नाही. मी सांगितलं की जानेवारीत मी इथे जे बोलले ते दुसऱ्याचं होतं आणि त्याला न विचारता बोलले. माझंच असं एक दुखणं आहे, ते मी झाकून ठेवलं. जीपमधला तो दिवस सांगितला. सासूला कॅल्शियम सांगते हे सांगितलं. पट्टी काढून टेबलावर ठेवली. हे सगळं बोलायला पाच मिनिटंही लागली नसतील. मी टेबलाला धरून उभी होते.

मग तीच आजी, जी हाताच्या भरवशाचं बोलली होती, नातवाच्या सभेला आलेली, तिने विचारलं, "म्हंजे मॅडम, तुमीबी?"

"हो आजी."

"अन् एवढे वर्ष आमच्या पोराईले तुमीच शिकवून राह्यल्या?"

"हो."

आजीने पदर सावरला, शेजारणीकडे पाहिलं. "मंग त्या अंगणवाडीवालीनंच काय घोडं मारलं?" ती म्हणाली, कुणाला विचारते आहे ते कळू नये अशी.

याने सगळं पालटलं असं मी लिहिणार नाही. त्या महिन्यात माझ्या वर्गातली दोन मुलं चिखलीच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जाऊ लागली. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सासूबाईंच्या कानावर गोष्ट त्यांच्या भाचीने पोहोचवलीच. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी बोलल्या ते भाजी काय करायची एवढंच. अंगणवाडीत लेकरं वाढली, हळूहळू, एकेक करून. दिवाळीपर्यंत सव्वीस झाली होती. माझ्या बोलण्याने वाढली की खिचडीच्या वासाने, देव जाणे.

ती माझ्याशी नीट बोलते. पोषण आहाराचं, जंताच्या गोळ्यांचं, पाण्याच्या टाकीचं. डबा आम्ही आपापल्या खोलीत खातो. मी एकदा पातोडीची भाजी घेऊन गेले होते. तिने वाटीत घेतली, मदतनीस बाईबरोबर खाल्ली, वाटी घासून परत पाठवली. रिकामी पाठवली नाही, चार बोरं घालून पाठवली. त्याचा मी जास्त अर्थ काढत नाही.

हिवाळ्यात एक दिवस सकाळी जीपमधून उतरले तर ती फाट्यावर उभी होती. सोबत गावातली एक नवी बाळंतीण, डोक्यावरून शाल. बाळ त्या मुलीच्या हातात नव्हतं, हिच्या हातात होतं. बुलढाण्याची गाडी यायची होती. मला सगळं एकदम समजलं. त्या मुलीचा चेहरा मी ओळखला, तसा चेहरा मी आरशात पाहिला आहे. मी हिला बाजूला घेऊन विचारलं, "मी येऊ का सोबत? आज रजा टाकते."

"तुमी नका येऊ मॅडम," ती हळूच म्हणाली. रागाने नाही. "तुमी आल्या का लोकाईले समजते."

गाडी आली. मी खालून बॅग वर दिली.

नंतर मदतनीस बाईकडून कळलं की ती मुलगी तिसरी होती. आधीच्या दोघींनाही हिनेच नेलं होतं, लसीकरणाच्या नावाखाली एकीला, दुसरीला माहेरच्या वाटेवर. एकीचा नवरा सोबत गेला होता, त्यालाही हिनेच समजावलं. गरोदर बायांच्या नोंदी घ्यायला घरोघर जाते तेव्हा चुलीपाशी बसून विचारते, "झोप लागते का वं? मनात काही भलतंसलतं येते का? मले येत होतं." एवढंच. सतरंज्या नाहीत, साहेब नाहीत. माझ्या वहीतली तीन दिवसांची टिपणं मी पुन्हा वाचून पाहिली. त्यांत हे कुठे नव्हतं, किंवा असेल आणि मी भाषणाच्या नादात ते उतरून घेतलं नसेल.

यंदा तालुक्याला मला प्रशिक्षण द्यायला बोलावलं, माझ्या त्या सभेची बातमी तिथपर्यंत गेली होती. मी गेले. तिथे मी फक्त माझं सांगते. चहाच्या सुट्टीत कुणी ना कुणी शिक्षक येऊन म्हणतो, "मॅडम, आमच्या शेजारी एक केस आहे." मी म्हणते, "थांबा. त्यांना विचारलंत का?" बहुतेकांनी विचारलेलं नसतं. काही जणांना मी तुसडी वाटते.

हे सारं लिहून झाल्यावर मी कागद घेऊन तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "हे तुझ्याबद्दल आहे. तू नको म्हणालीस तर इथेच फाडते." तिच्यासमोर ताटात तांदूळ होते, ती खडे निवडत होती. "वाचा," म्हणाली. मी वाचलं. मधे दोनदा थांबायला लागलं, ते माझ्यामुळे. तिने एकदाही मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर तिने दोन गोष्टी काढायला सांगितल्या. एक तिच्या सासूबद्दलची होती, दुसरी ती माहेरी असतानाच्या एका रात्रीची. मी दोन्ही तिथेच खोडल्या. तिने कागद हातात घेऊन खोडलेलं वाचता येत नाही ना हे उजेडात धरून पाहिलं.

"बाकीचं?" मी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. तेवढ्यात दाराशी दोन लेकरं आली, एकाच्या पायात चप्पल एकच. ती तांदळाचं ताट माझ्या हातात देऊन दुसरी चप्पल शोधायला बाहेर गेली.